माझ्या तोंडात तांदूळ

मी हवा ढकलतो. दुसरं काम मला येत नाही. लोक मला सुपरचार्जर म्हणतात. अमेरिकन शिपाई ब्लोअर म्हणायचा. कुसुमबाईंनी मला गिरणी म्हटलं. तिन्ही नावं मी ऐकून घेतली. त्यांतलं शेवटचं मला लागू पडलं. का, ते सांगतो.

माझा जन्म डेट्रॉइटचा. बाहेर ॲल्युमिनियमचं जाड कवच, आत पिळाचे दोन रोटर. एकमेकांत गुंतून फिरतात, पण शिवत नाहीत. मध्ये केसाएवढी फट. ती फट म्हणजे माझी अब्रू. ती राखली तर मी माणसापेक्षा जास्त टिकतो. तिच्यात खडा गेला तर मी संपलो.

मला बनवलं लॉरीच्या डिझेल इंजिनासाठी. त्या इंजिनाला स्वतः श्वास घेता येत नव्हता. मी हवा कोंबली तरच ते पेटायचं. माझ्या जोरावर त्या लॉरीने लाकूड वाहिलं, दूध वाहिलं, पिठाची पोती वाहिली. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. कामाच्या वस्तूकडे माणूस पाहतो तो ती बिघडली की.

लॉरी भंगारात गेली. मी मात्र वाचलो. तिकडच्या पोरांनी शोध लावला होता की मला पेट्रोलच्या गाडीवर बसवलं की गाडी उधळते. त्यांनी मला घासून आरशासारखं केलं. मला विचारलं नाही. मी शोभेचा झालो.

पुढे एका शिपायाने मला विकत घेतलं. त्याच्याकडे एकोणसत्तर सालची हिरवी गाडी होती, दोन दारांची, आठ सिलिंडरची. त्याची बदली जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या अमेरिकन लष्करी तळावर झाली. गाडी जहाजाने आली आणि मी खोक्यातून. मला गाडीवर बसवायचं, असं तो दर शनिवारी म्हणायचा. मग त्याला लढाईवर जायचा हुकूम आला. जाताना त्याने गाडी विकली आणि मला वरून दिलं, भाजीबरोबर कोथिंबीर देतात तसं. हे मी विसरलेलो नाही.

घेणारी बाई होती. मीनल. पुण्याची. शिकायला इथे आली आणि इथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली. तिथे ती संगणकावर हवेची गणितं करायची. कुठून शिरते, कुठे वळते, कुठे अडते. तिने खोका उघडला, माझ्या तोंडात हात घातला आणि रोटर सावकाश फिरवला. आतून थंड हवेची झुळूक तिच्या मनगटावर आली.

"दहा वर्षं झाली," ती मलाच म्हणाली. "रोज पडद्यावर बघते तुला. हाताला आज लागलास."

मला बोलणारी माणसं आवडत नाहीत. ती आवडली.

तिने मला घरीच बसवायला घेतलं. भाड्याचं घर, त्याला लागून गॅरेज. संध्याकाळी जेवणं उरकली की ती खाली यायची. इंजिनात हवा नेणारा जुना मॅनिफोल्ड काढला, नवा घातला. पुली बसवली. माझी उंची मावेना म्हणून बॉनेटला पत्र्याचा उंचवटा करून घेतला. घाई करायची नाही. रोज काम सुरू करण्याआधी माझी पुली एकदा हाताने फिरवून बघायची. आईने झोपलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी तिची ती सवय.

दोन हजार सातचा उन्हाळा असा गेला. मग गोष्टी निकराला आल्या.

तिचा नवरा नागेश. त्याला फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला नोकरी मिळाली. तो आधी गेला, बाकीच्यांनी ऑक्टोबरअखेर जायचं ठरलं. शनिवारी घरी आला की तो गॅरेजच्या दारात उभा राहायचा. आत यायचा नाही. बूट पांढरे होते त्याचे.

"मीनल, तिकडच्या फ्लॅटला गॅरेज नाही."

"माहितेय."

"नंबरप्लेट नसलेली गाडी रस्त्यावर ठेवली तर नगरपालिकेचे ओर्डनुंग्सआम्टवाले उचलून नेतील."

"तेही माहितेय. मंगळवारी ट्यूफची टर्मिन आहे, तपासणीची वेळ मिळालीय. ह्याच्यासकट गाडी तपासतील. पास झाली की प्लेट मिळेल."

"आणि नाही झाली तर?"

"तर तुझा तो माइन्झचा डीलर. दे त्याला."

"गेनाऊ, अगदी तसंच," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त जागेची काळजी होती.

डीलर आला की मला गाडीवरून उतरवणार, हे मला माहीत होतं. अशी माणसं गाडी एकीकडे विकतात, मला दुसरीकडे. मी पुन्हा खोक्यात जाणार होतो. आणि मीनल पुन्हा पडद्याकडे.

त्याच दिवसांत कुसुमबाई आल्या होत्या. नागेशच्या आई. चिंचवडच्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना माझा राग होता.

"मिक्सरचं भांडं गळतंय," त्या जिन्यावरून म्हणायच्या. "ते दुरुस्त होत नाही. ह्या राक्षसाला मात्र रोज तेलपाणी."

"आई, मिक्सरचा वायसर इथे मिळत नाही."

"आणि ह्याचा मिळतो?"

"ह्याचे भाग अमेरिकेतून मागवते."

"मग माझा वायसरही बसव त्याच जहाजात."

मीनल हसायची नाही. त्याही हसायच्या नाहीत. बोलणं तिथेच थांबायचं. दोघी एकमेकींना चांगलंच वागवायच्या, पाहुण्यासारखं.

दसरा रविवारी आला. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नाही. ठोकाठोक केली की शेजारी दारात उभा. म्हणून मीनलने माझ्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडकं टाकलं. कार्ब्युरेटर अजून टेबलावर होते, पट्टा खिळ्याला टांगलेला. ती नागेशबरोबर एश्बॉर्नचं घर बघायला गेली.

दुपारी कुसुमबाई खाली आल्या. हातात ताम्हन. मागे नात ओवी, दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये.

त्या माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मला नीट पाहत होत्या. वर तोंड. बाजूला पुली. भिंतीवर पट्टा.

"ओवी, ही तर गिरणी आहे गं."

"नाइन, आजी. दास इस्ट आइन कोम्प्रेसर."

"असेल. तुझ्या आजोबांची पिठाची गिरणी होती. अस्सं वर तोंड, अस्साच पट्टा. दसऱ्याला आम्ही ती धुवायचो. हार घालायचो. आणि पहिली मूठ तिच्या तोंडात टाकायचो. वर्षभर लोकांचं दळते, एक दिवस तिला तिचं. हे गेले आणि गिरणी बंद पडली. नंतर तिला मूठ घालायला मी गेलेच नाही. जाववलं नाही."

"वारूम?"

"का? असंच."

त्यांनी माझ्या कवचावर कुंकू लावलं. बागेतली झेंडूची फुलं ठेवली. मग फडकं उचललं, हात जोडले, आणि माझ्या तोंडात मूठभर तांदूळ ओतले. ओल्या कुंकवाने लाल केलेले.

इंजिन बंद असलं की मला आवाज नसतो. मी ओरडू शकलो नाही. त्यांनी फडकं होतं तसं नीट टाकलं, कडा सरळ केल्या, फुलं उचलून देवापाशी नेली आणि वर गेल्या.

खरं सांगतो. दाणे पडताना मी घाबरलो होतो. पण राग आला नाही. इतक्या वर्षांत मला कोणी खायला घातलं नव्हतं.

सोमवारी मीनलने रजा घेतली होती. सकाळी आली आणि सवयीने आधी पुली फिरवली.

कच्च.

तिचा हात जागीच थांबला. तिने फडकं काढलं. आत पाहिलं. मग कवचावरचं कुंकू पाहिलं.

"आई!"

कुसुमबाई पदराला हात पुसत आल्या.

"हे काय घातलंत तुम्ही ह्यात?"

"तांदूळ. दसऱ्याची मूठ."

"अहो, हा दळत नाही! ह्यात धूळसुद्धा चालत नाही. दाणे खाली इंजिनात गेले असते आणि मी चालू केलं असतं, तर सगळं संपलं होतं. उद्या टर्मिन आहे माझी! विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"मग नकोच होतं ना!"

कुसुमबाईंचा आवाज खाली गेला. "गिरणीला उपाशी ठेवलं एकदा मी. पुन्हा नाही ठेवायचं म्हणून केलं. मला काय ठाऊक, हा हवा खातो."

मीनलने स्टूल ओढलं आणि बसली. मग म्हणाली, "गिरणी वाटली तुम्हाला?"

"तोंड बघ की त्याचं."

मीनलने पाहिलं. आणि हसली. त्या घरात ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. कुसुमबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"सांग, काय करायचं?"

"सगळं पुन्हा सोडायचं. ह्याला उचलून उलटा करायचा."

"मग सोड."

साखळीच्या पुलीवर मला वर घेतलं. माझ्याखाली कुसुमबाईंनी स्टीलची परात धरली. मीनलने मला कलंडवलं आणि दाणे परातीत पडले. पावसाचा होतो तसा आवाज. ओवी शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच. तिने व्हॅक्यूम क्लीनर आणला, मॅनिफोल्डमधले दाणे ओढून घेतले. पण काही माझ्या पिळात अडकले होते, कुंकवाने चिकटून.

मीनलने पेचकस उचलला आणि खाली ठेवला. "लोखंड नको. ओरखडा गेला तर फट बिघडेल."

कुसुमबाई वर गेल्या आणि उदबत्तीच्या काड्या घेऊन आल्या. मीनलने काडीच्या टोकाला जरासं ग्रीस लावलं. कुसुमबाईंनी चष्मा पुसला. एकेक दाणा त्या काडीला चिकटवून काढू लागल्या. मीनल टॉर्च धरून रोटर केसभर फिरवायची, मग थांबायची. पुन्हा केसभर.

"जन्मभर तांदळातले खडे निवडले," कुसुमबाई पुटपुटल्या. "आता यंत्रातले तांदूळ."

"आई, डावीकडे. त्या खोबणीत."

"दिसतोय. घाई करू नकोस, हात हलतो माझा."

शेवटी मीनलने डोळे मिटले आणि मला पूर्ण एक फेरा फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. आवाज नाही. कुसुमबाईंनी माझ्या तोंडाला कान लावला.

"झुळूक येते," म्हणाल्या. "श्वास घेतोय."

मग मला पुन्हा चढवलं. कार्ब्युरेटर बसले. पट्टा चढला. दिवेलागणीला मीनलने चावी फिरवली. मी पहिल्यांदा त्या गाडीच्या फुप्फुसात हवा भरली. गॅरेजचा पत्रा थरथरला. ओवीने कान झाकले आणि उड्या मारल्या. कुसुमबाई म्हणाल्या, "बंद कर, बंद कर, शेजारी येतील!" पण त्या दारातून हलल्या नाहीत.

मंगळवारी तात्पुरती प्लेट लावून तपासणीला निघालो. निघताना कुसुमबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. मीनलने ते काढलं नाही. त्या स्वतःही मागच्या सीटवर बसल्या.

तपासनीस उंच, अबोल माणूस. त्याने कागद पाहिले, आवाज मोजला, ब्रेक पाहिले. मग बॉनेट उघडून माझ्यावर वाकला. त्याचं बोट कवचावरच्या कुंकवावर गेलं. बोट लाल झालं. त्याने वास घेतला. भुवया वर गेल्या.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला. "तेल गळतंय. लाल तेल."

गळकी गाडी पास होत नाही. मीनल खुलासा करू गेली. कुंकवाला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

मागचं दार उघडलं. कुसुमबाई उतरल्या. त्या माणसापुढे उभ्या राहिल्या. स्वतःच्या कपाळाकडे बोट केलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कपाळाकडे. नवरा गेल्यावरही त्यांनी कुंकू सोडलं नव्हतं. चिंचवडला त्यावरून बोलणारे बोलले होते. त्या म्हणाल्या होत्या, कपाळ माझं आहे.

तपासनीसाने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मीनल म्हणाली, "ट्रडित्सिओन." परंपरा.

त्याने फडक्याने बोट पुसलं. बाकीचं कुंकू पुसलं नाही. टॉर्च घेऊन माझ्या खाली, मागे, सगळीकडे पाहिलं. कुठे काही गळत नव्हतं. मग शिक्का मारला.

परत येताना मीनल म्हणाली, "आई, पुढे बसा ना."

तिने गाडी कडेला घेतली आणि कुसुमबाई पुढे येऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्या चिंचवडला परत गेल्या. आता मी एश्बॉर्नला असतो, इमारतीसमोरच्या रस्त्यावर. नागेश आता पांढऱ्या बुटांनी जवळ येतो आणि शेजाऱ्यांना मला दाखवतो. मीनल अजून पडद्यावर हवा बघते, पण रविवारी सकाळी मला बाहेर काढते. दसऱ्याला बॉनेट उघडते, कुंकू लावते आणि फोन माझ्याजवळ धरून इंजिन चालू करते. चिंचवडहून आवाज येतो, "खायला घातलंस का त्याला?" मीनल ओरडून सांगते, "हो आई. तोंडात नाही, बाहेर!"

एक गोष्ट राहिली. त्या सोमवारी मला परत चढवताना ओवीला माझ्या कवचाबाहेर एका बोल्टच्या खाचेत एक लाल दाणा दिसला. रोटरपासून लांब. अपाय नव्हता. तिने काडी पुढे केली. मीनल म्हणाली, "तो राहू दे."

"वारूम?" पोरीने विचारलं.

मीनलने बोल्ट घट्ट केला.

दाणा अजून तिथे आहे. मी म्हातारा झालोय, एक दिवस मलाही उतरवतील. उतरवणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. आधी हाताने फिरवून बघ. तोंडात काही टाकू नकोस, मी हवा खातो. आणि तो बोल्ट काढलास तर खाचेत जे असेल ते फुंकून टाकू नकोस. ते माझं जेवण आहे.