कोठीत कोंडलेले शिवणयंत्र

मित्रांनो, मी एक जुने शिवणयंत्र आहे. राहते आफ्रिकेतल्या मलावीत, सरोवराकाठच्या नखाटा बे गावी, यरेमिया म्होने यांच्या घरामागच्या कोठीत. माझी मालकीण मात्र या घरात राहत नाही. असे का झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती जोहान्सबर्गच्या एका दुकानातल्या फळीवर. माझ्या मालकिणीने, लुसुंगूने, मला तिथून उचलले. तिचा नवरा वितुंबिको खाणीत कामाला होता आणि ती ब्रा शिवण्याच्या कारखान्यात. सात वर्षांनी तो कारखाना बंद पडला, तेव्हा शेवटच्या पगारातून तिने मला विकत घेतले, कारण मला नागमोडी टाका येतो. ताणणाऱ्या कापडावर सरळ टाका तट्कन तुटतो. नागमोडी टाका कापडाबरोबर ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. माझा सगळा मान त्या एका टाक्यावर होता.

तीन दिवस बसमध्ये, गोधडीत गुंडाळून, लुसुंगूच्या मांडीवर बसून मी तिच्या गावी आले. तिथे वीज सारखी येत-जात असायची, म्हणून सायकलवाल्याने माझ्या चाकाला हाताने फिरवायचा दांडा बसवून दिला.

गावातल्या बायका बाजारातल्या गठ्ठ्यांमधून परदेशच्या वापरलेल्या ब्रा घ्यायच्या. दुसऱ्याच कुणाच्या अंगावर सैल झालेल्या त्या ब्रा त्यांच्या खांद्यांत रुतायच्या, पाठीवर चढायच्या. लुसुंगू त्या उसवायची. हुक, कड्या आणि चांगले इलॅस्टिक बाजूला काढायची आणि पडद्याआड माप घेऊन नव्या सुती वाट्या बेतायची. एक मासळीवाली नवी ब्रा घालून बाहेर आली आणि म्हणाली, "आजवर मी हिला सांभाळत होते. आता ही मला सांभाळते." सगळ्या हसल्या. मुलींसाठी लुसुंगू खेळाडूंच्या जुन्या बनियनींमधून पोहण्याचे पोशाख शिवायची. एरवी मुली अंगाभोवती चितेंजे गुंडाळूनच सरोवरात उतरायच्या आणि ते लांब कापड पाण्यात त्यांच्या पायांत अडकायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग वितुंबिको तापाने गेला. सुतक संपले त्याच दिवशी त्याचा थोरला भाऊ यरेमिया दोन माणसे घेऊन दारात आला. लुसुंगूची मुलगी वेझी हिचा निळा पोशाख तेव्हा माझ्या सुईखाली होता. एका पायाचे इलॅस्टिक लावून झाले होते, दुसऱ्याचे अर्धे.

"भावाच्या कमाईची वस्तू आहे. ती आमच्या घरी राहील," यरेमिया म्हणाला.

"माझ्या पगाराची आहे, भावोजी."

"पावती दाखव."

पावती कुठून असणार? त्यांनी मला तसेच उचलले. सुई कापडात रुतलेली होती आणि पोशाख खाली लोंबत होता. वेझी त्याचे टोक धरून रस्ताभर माझ्यामागे धावली. शेवटी दोरा तुटला आणि पोशाख तिच्या हातात राहिला.

ही कोठी अंधारी आहे. वाळल्या कसाव्याच्या कंदांची पोती, मासळीची ओली जाळी आणि हातभर खिडकी. यरेमियाच्या बायकोने, न्यालोंग्वेने, पहिल्या आठवड्यात मला चालवून पाहिले. सुई मोडली. मग बाहेरून कुलूप लागले. तेल सांध्यांत घट्ट झाले. उंदराने पट्ट्याखाली घर केले. बाहेर बायकांची बोलणी ऐकू यायची, पण ती माझ्यासाठी नसायची. चार वर्षे माझे चाक एकदाही फिरले नाही. मित्रांनो, लोखंडालाही कोंडल्यासारखे वाटते.

एके दिवशी यरेमिया होडीवर गेलेला असताना दाराबाहेर ओळखीचा आवाज आला.

"शिवायला नाही आले, जाऊबाई," लुसुंगू म्हणत होती. "नुसतं तेल घालून जाते. राहू दे तुमच्याकडे, पण मरू देऊ नका."

न्यालोंग्वेने किल्ली शोधून आणली. मग कुलूप उघडले.

त्या दिवशी तेल देता देता लुसुंगूने जावेकडे नीट पाहिले. आदल्या वर्षी शहरातल्या इस्पितळात न्यालोंग्वेचा डावा स्तन काढावा लागला होता. तेव्हापासून ती ऐन उन्हातही छातीवर चितेंजे घट्ट ओढून घ्यायची. चर्चमध्ये गाणे सोडले होते. रोज सरोवरात डुंबणारी ती बाई आता घरामागे बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायची. तिचा एक खांदा खाली झुकला होता. लुसुंगूला ते सारे दिसले. पुढच्या महिन्यात तेलाच्या डबीबरोबर तिने नवी सुई आणि मापाची फीतही आणली.

"हात वर करा," ती म्हणाली.

न्यालोंग्वे भिंतीकडे बघत उभी राहिली. मग तिने चितेंजे खाली सोडले.

लुसुंगूने तिच्यासाठी बेतलेल्या ब्राच्या डाव्या वाटीला आतून खिसा ठेवला. त्यात बाजरीची छोटी पिशवी बसवायची होती. पिशवी तळहातावर तोलून, चिमूटभर दाणे काढून, पुन्हा घालून तिने उजव्या बाजूशी वजन जुळवले. तीन खेपांचे काम होते. तिसऱ्या खेपेला यरेमिया लवकर परतला. कोठीचे दार नुसते लोटलेले आणि कुलूप कडीला लटकलेले पाहून बायको कुलूप लावायला विसरली असे त्याला वाटले आणि त्याने ते लावून टाकले.

आत दोघी थिजल्या. लुसुंगूने हळूच विचारले, "हाक मारू?"

"नको. अर्ध्या उघड्या अंगाने मी कुणाला हाक मारत नाही. शेवटची पट्टी राहिली आहे ना? ती होऊ दे."

खिडकीतून आलेल्या उजेडाच्या पट्टीत लुसुंगूने मला सरकवले आणि दांडा फिरवला. माझा खडखडाट बंद कोठीत केवढा वाटला. मला भीती वाटत होती, पण थांबावेसे वाटत नव्हते. बाहेर पावले थबकली.

"आत कोण आहे?"

"मी आहे. थांबा. कपडे घालतेय," न्यालोंग्वे म्हणाली.

तिने हुक लावले, वर झगा घातला आणि मगच दार उघडायला सांगितले. दारातल्या उजेडात ती सरळ उभी होती. दोन्ही खांदे एका रेषेत. यरेमियाने तिच्याकडे पाहिले, मग लुसुंगूकडे, मग माझ्याकडे.

"मशीन तिचं आहे," न्यालोंग्वे म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. आपल्या घरात आलं म्हणून मी गप्प बसले."

"चार वर्षांनी परत दिलं, तर मी चोर ठरेन गावात."

"मग देऊ नका. पण या दाराला पुन्हा कुलूप लागलं, तर मीही आतच बसेन."

यरेमियाने कुलूप खिशात घातले आणि तो निघून गेला. 

तेव्हापासून लुसुंगू आठवड्यातून दोनदा येते. बायका कसाव्याच्या पोत्यांवर बसून आपल्या मापाची वाट बघतात. वेझीही येते. ती आता उंच झाली आहे आणि कापड बेतायला शिकली आहे. न्यालोंग्वे पुन्हा गाते. एकदा ती म्हणाली, पाण्यात जायचं आहे. बाजरी तर पाण्यात फुगते, म्हणून लुसुंगूने पोहण्याच्या पोशाखाच्या खिशात मासळीचे जाळे तरंगत ठेवणाऱ्या हलक्या गोळ्याचा तुकडा घातला. न्यालोंग्वे परत आली ती हसत हसत.

"अगं, पाण्यात उतरताच हा निघाला गळ्याकडे. माझ्याआधी काठाला लागला असता."

मग जुन्या जाळीची घडी घालून पाहिली. ती जागेवर राहिली, पाणीही लगेच निथळले. आता न्यालोंग्वे रोज सकाळी सरोवरात जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र झाकलेले पडून असेल, तर त्याला तेल घाला, त्याचे चाक फिरवून बघा. पण त्याआधी ते कुणाचे आहे, हे विचारा. मला आता वेळेवर तेल मिळते, काम मिळते, माझी स्तुतीही होते. मात्र संध्याकाळी लुसुंगू फीत गुंडाळते, माझ्यावर फडके टाकते आणि वेझीचा हात धरून आपल्या घरी जाते. मी इथेच राहते.