शेवाळाखालचा पत्रा

भागीरथाने नाव तिसऱ्यांदा उपडी करून घेतली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन नखं आधीच गेली होती. उरलेल्या नखांत हिरवा चिखल इतका घट्ट बसला होता, की निरम्याने धुवा नाहीतर लिंबाने घासा, निघतच नव्हता. भाकर थापताना पिठालाही त्याचा कुबट वास लागायचा. नवरा, तानबा, घास तोंडात घालायचा, थांबायचा आणि काही न बोलता चावायला लागायचा. त्या न बोलण्याचाच तिला जास्त राग यायचा.

टेंभरीत घरं एका काठावर आहेत आणि शेतं दुसऱ्या. धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं, पण जमिनी सरकल्या नाहीत. मधे पाणी आलं. आर्वीच्या रस्त्याने फिरून जायचं म्हणजे चौदा किलोमीटर, आणि नावेने पाऊण तासही लागत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने पत्र्याची एक नाव घेतली आणि ती तानबा ढिवराच्या हातात दिली. वीस वर्षं त्यानेच ती चालवली. मग त्याचे गुडघे गेले. एका सकाळी त्याला खाटेवरून उठताच येईना, आणि काठावर निंदणाला निघालेल्या बाया हाका मारून राहिल्या होत्या. भागीरथाने पदर खोचला, वल्हं उचललं आणि त्यांना पलीकडे नेऊन सोडलं. तिला त्या कामावर कोणी नेमलं नाही, आणि नको असंही कोणी म्हटलं नाही. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

या वर्षी कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात नाव उलटून माणसं गेली, आणि तालुक्याहून फर्मान सुटलं. प्रत्येक नावेची तपासणी होणार. साहेब स्वतः येऊन बूड पाहणार, मगच चालवायची परवानगी मिळणार. ग्रामपंचायतीतला नागसेन ते पत्र घेऊन तिच्या अंगणात आला.

"काकू, मंगळवारी सायेब येऊन राह्यले. नाव पाण्याबाहेर काढून, बूड स्वच्छ करून ठेवा म्हणते. शेवाळ असलं तं पत्रा दिसत नाई."

"अन् तवर लोकाईले पलीकडे कोण नेईन?"

"एकाच दिवसाचा तं प्रश्न आहे," नागसेन म्हणाला. तो मनाने चांगला पोरगा होता. कागदावर लिहिलेलं सगळं घडतं, असं त्याला अजून वाटत होतं.

दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे होते. गडीमाणसं पहाटेच शेतात जायची. नाव वर ओढून उपडी करायला सहा जण लागतात. भागीरथा घरोघर फिरली. जो तो म्हणे, "हाव हाव, येतो ना." आणि कोणीच आलं नाही. शेवटी सकाळच्या खेपेला तिने नाव पाण्यातच थांबवून धरली आणि सांगितलं, "आधी ही वर काढून द्या, मंगच परवा पलीकडे नेईन." तेव्हा कुठे माणसं हलली.

नाव उपडी झाली आणि बायांनी नाकाला पदर लावले. पावसाळ्यात शिवारातलं सगळं खत त्या पाण्यात उतरतं, तेव्हापासून पाणी हिरवंगार होतं. बुडाला बोटभर शेवाळ होतं. वरचा थर लांब केसांसारखा होता, तो हाताने ओढला की लोळागोळा निघून यायचा. त्याखाली बुळबुळीत, शेंबडासारखं काहीतरी होतं, त्यावरून खुरपं नुसतं घसरायचं. आणि सगळ्यात खाली काळपट हिरवी साय, पत्र्याला धरून बसलेली. ती ओली असतानाच काढावी लागते. एकदा उन्हाने वाळली की मग दगडाने घासा, ती हलत नाही. त्यामुळे भर उन्हात एक हात घासायला आणि दुसरा पाणी मारायला, असं दिवसभर चाललं. खुरपं, विटेचा तुकडा, नारळाचा काथ्या, चुलीतली राख. संध्याकाळी नाव उघडी पडली तेव्हा भागीरथाला तिचा मूळचा करडा रंग पहिल्यांदाच दिसला.

मंगळवारी साहेब आले नाहीत. बैठक निघाली होती. "गुरुवारी नक्की," नागसेन म्हणाला.

बुधवारी लक्ष्मणराव काठावर उभे होते. पलीकडे त्यांचं बारा एकर सोयाबीन सोंगून पडलं होतं, आणि आभाळ भरून आलं होतं.

"काय वो भागीरथा, नाव शोभेले ठेवली का? माह्या शेंगा फुटून राह्यल्या तिकडे."

"सायेब येनार हायेत, भाऊ. बूड साफ पाह्यजे त्याईले."

"सायेब येईन तवा येईन. टाक पाण्यात. मंग घासजो अजून एकदा, त्याले काय लागते?"

त्याला काय लागतं, हे तिच्या खांद्यांना माहीत होतं. पण मागे वीस माणसं उभी होती, आणि त्यांची पिकंही पलीकडेच होती. नाव पाण्यात गेली. गुरुवारीही साहेब आले नाहीत. पुढच्या मंगळवारचा निरोप आला, आणि तोवर नावेच्या पोटाला पुन्हा मखमल चढली होती. पाच दिवसांत! भागीरथाने हात घालून पाहिलं. तिला पाण्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण पाण्याला कोण शिव्या देतं? तिने पुन्हा माणसं गोळा केली, पुन्हा घासलं. मंगळवारी जीप निघाली आणि रस्त्यातच बंद पडली म्हणे. नाव परत पाण्यात.

"मी काय करू, काकू," नागसेन तिच्याकडे न बघता म्हणाला, "मलेही फोनवरच सांगते." आता पुढच्या आठवड्यातला शुक्रवार ठरला होता.

म्हणून ही तिसरी वेळ. भागीरथा आता घासत नव्हती, सूड घेत होती. गुरुवारची दुपार होती, काठावर चिटपाखरू नव्हतं. पुढच्या टोकापासून हातभर मागे, डाव्या बाजूला, शेवाळाचा एक उंचवटा होता. आधी दोन्ही वेळा ती त्यावरून हलका हात फिरवून पुढे गेली होती. आज तिने खुरप्याचं टोक त्याखाली घातलं आणि जोर लावला. काळी खपली सुटून तिच्या पायाजवळ पडली. तिने ती उचलली. शेवाळ नव्हतं ते. डांबरात भिजवलेलं फडकं होतं, वरून शेवाळ चढून पत्र्यासारखंच झालेलं.

ती खाली वाकून उपड्या नावेत शिरली. आत अंधार होता आणि त्या अंधारात आभाळाचे तुकडे दिसत होते. एक मोठा, त्याच्याभोवती बारीक सहा-सात. तिने मोठ्यात करंगळी घातली, ती सहज पलीकडे गेली. कडेचा गंज पापुद्र्यासारखा तुटून तिच्या तोंडावर पडला.

परवाच याच नावेतून तिने चौदा बाया आणि दोन लेकुरवाळ्या पोरी आणल्या होत्या. मधोमध पाणी दोन पुरुष खोल आहे. ते फडकं घेऊन ती नावेखालून बाहेर आली.

घरी येऊन तिने ते फडकं तानबाच्या खाटेवर टाकलं.

"हे कायचं हाय?"

तानबाने पाहिलं आणि नजर वळवली. मग म्हणाला, "ती जागा कायले घासली? तेवढं शेवाळ राहू द्यायचं होतं."

"म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"गुडघे जायच्या साली पडलं ते. इतलंसं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. डांबर लावलं, फडकं लावलं. वरून शेवाळ धरलं तं पाणी बंद झालं. मंग मीच बंद झालो."

"अन् मले सांगतलं नाई? पाच वर्स मी लोकाईच्या लेकराबाळाईले त्याच्यावर बसवून नेऊन राह्यली!"

"सांगतलं असतं तं तू चालवली असती का?" तानबा म्हणाला. "अन् आपन खाल्लं काय असतं?"

तिला तो माणूस त्या क्षणी डोळ्यांसमोर नको झाला. वीस वर्षं गावाने ज्याच्या भरवशावर पाणी ओलांडलं, तो हाच. ती चुलीपाशी गेली, भांडी आदळली, आणि रडू येईल म्हणून आणखी आदळली.

लक्ष्मणरावांना तिने संध्याकाळी सांगितलं. ते काठावर आले, भोकात बोट घालून पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला. "चिकटवायची लगदी येते आर्वीच्या दुकानात. पोराले सांगतो. सकाळी लावून टाक, वरून रंग मार. सायबाच्या बापाले समजत नाई."

"अन् पाण्यात सुटली तं?"

"पाच वर्स नाई सुटली ना? दोन हप्ते काढ. सोयाबीन घरी येऊ दे, मंग पाहू."

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिलाही ते समजत होतं. पलीकडे वर्षाचं पीक पावसाखाली पडलं होतं. सकाळी लगदी आली, भागीरथाने ती भोकात भरली, वरून करडा रंग फासला. उन्हात तो वाळला आणि जागा ओळखूही येईना.

शुक्रवारी साडेअकराला साहेब खरंच आले. काठाचा चिखल पाहून जीप वर रस्त्यावरच थांबली. साहेबांनी काच खाली केली. खाली उपडी नाव उन्हात आरशासारखी चकाकत होती.

"वा! बाकी गावांत तर नुसतं गवत उगवलंय नावांना," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही मेहनत घेतली. नागसेन, फोटो काढा, इथूनच काढा. कुठे सही करायची?"

नागसेनने कागद बॉनेटवर ठेवला. साहेब उतरलेसुद्धा नाहीत. खिडकीतून हात काढून त्यांनी पेन मागितलं.

तीन आठवडे. दोन नखं, न उचलणारे खांदे, भाकरीला येणारा तो वास. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस खाली येऊन बुडाला हातसुद्धा लावणार नव्हता. भागीरथाच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. ती रस्ता चढून वर गेली.

"सायेब, खाली उतरा."

"अहो बाई, दिसतंय की इथून."

"नाई दिसत. मी तीनदा घासली हे नाव. तुमी एकदा तं हात लावून पाहा." लक्ष्मणराव मागून खाकरले. ती थांबली नाही. "भोक हाय तिले. मीच बुजवलं सकाळी. लिहून घ्या, अन् नवा पत्रा मारून द्या."

साहेबांनी आधी तिच्याकडे, मग नागसेनकडे पाहिलं. मग उतरले. बूट चिखलात रुतवत खाली आले आणि भागीरथाने खुरप्याने लगदी उचकटून दाखवली. कडेचा पत्रा त्यांच्या बोटांनी तुटला तेव्हा ते मागे सरकले. कागदावर त्यांनी सही केली, पण वेगळ्या ओळीवर. नाव बंद.

पुढचे दिवस वाईट गेले. सोयाबीन ट्रॅक्टरने चौदा किलोमीटर फिरून आलं. जे वेळेत निघालं नाही ते पावसात भिजलं, शेंगांना कोंब फुटले. नळावर भागीरथा गेली की बाया बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. सुलोचनाबाई, जिला ती परवापर्यंत रोज पलीकडे सोडायची, भागीरथाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सत्यवादी झाली मोठी! आपलं पोट भरलं म्हनून दुसऱ्याच्या पिकात माती घालावं का?"

भागीरथाला म्हणावंसं वाटलं, बाई, तूच तर पुढे बसायची, त्या भोकावर. तुझी नात मांडीवर असायची. पण तिने घागर भरली आणि घरी आली. जिच्याशी भांडून उपयोग नाही तिच्याशी ती भांडत नसे. घरी तानबाशी तिचं बोलणं बंदच होतं. ताट सरकवायची, तेवढंच. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "मी नसतं सांगतलं. माह्यात तेवढी हिंमत नव्हती." तिने हुं केलं. माफ केलं असं नव्हे, पण त्या रात्री तिने त्याच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं.

पाठपुरावा नागसेननेच केला. साहेबांच्या शेऱ्याची प्रत घेऊन तो रोज तालुक्याला फोन लावायचा, उचलला नाही तर बसने जायचा. दिवाळी होऊन गेल्यावर आर्वीहून वेल्डर आला. जुना पत्रा इतका विरला होता की जोड धरेना, ठिणगी पडली की नवं भोक पडायचं. वेल्डर वैतागला, भागीरथा त्याहून वैतागली. शेवटी पुढचा अख्खा भाग कापून नवा बसवावा लागला. त्यात आठ दिवस गेले.

कापूस वेचायच्या दिवसांत नाव पुन्हा पाण्यात उतरली. पहिल्याच सकाळी काठावर झुंबड उडाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. सुलोचनाबाई सगळ्यांत आधी चढून बसली. एका खेपेला बाराच माणसं, असं ठरवून बाया मोजत मोजत भागीरथाने बाराव्या बाईला हात दिला आणि वल्हं आडवं धरलं. तेवढ्यात लक्ष्मणरावांनी एक पाय आत टाकलाच.

"उतरा, भाऊ. बारा झाले."

"अवो, एका मानसानं काय होते? आतापर्यंत सोळा-सोळा नेत होती ना तू?"

"नेत होती," भागीरथा म्हणाली. "उतरा. दुसऱ्या खेपेले या."

लक्ष्मणरावांनी आत बसलेल्यांकडे पाहिलं, कोणी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. बाया पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाय मागे घेतला. चिखलात चप्पल रुतली, ती हाताने ओढून काढली आणि तिला ऐकू येईल असं काहीतरी पुटपुटले. भागीरथाने वल्ह्याने काठ ढकलला. नाव हलकी झाली होती, पहिल्याच रेट्यात लांब गेली. पाणी अजून हिरवंच होतं.