दादाचं अक्षर

दादाचं अक्षर असं, की शाळेत मास्तरांनी एकदा फळा लिहायचं काम त्याच्याकडे दिलं ते पुन्हा दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. पुढे तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. हातभर उंच अक्षरं, एकही वाकडं नाही. मग त्याच्या कानात नसलेले आवाज यायला लागले आणि पाट्या राहिल्या त्या राहिल्याच.

औषधानं आवाज थांबले. औषध जुनंच, हॅलोपेरिडॉल, पण दादाला लागू पडलं. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर भारी खमक्या. दर महिन्याला त्याला चालायला लावायच्या, कोपरातून हात वाकवून बघायच्या आणि वही पुढे सरकवायच्या. "लिही, आज मी बरा आहे."

त्याची धाकटी बहीण हसायची. "सिस्टर, आता परीक्षा कधी?"

"हस बाई, हस. औषध जास्त झालं की आधी अक्षर बारीक होतं."

सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांच्याबरोबर ती वहीही गेली. नवे डॉक्टर विचारायचे, "आवाज येतात?" दादा म्हणायचा, "नाही." झालं, तेवढाच डोस पुढे चालू. अशी चार वर्षं गेली.

घरातली वाणसामानाची यादी दादा लिहायचा. आधी तिला वहीचं पान लागायचं, हळूहळू ती बसच्या तिकिटामागे मावायला लागली. धाकटी कौतुकानं सांगत फिरायची, "आमचा दादा महा काटकसरी. उद्या तांदळाच्या दाण्यावर लिहील."

एकदा माळा आवरताना तिला तिची तिसरीची पुस्तकं सापडली. कव्हरावर दादानं तिचं नाव घातलेलं, चांगलं ऐसपैस. तिनं खिशातली यादी त्याच्याशेजारी धरली, यादीतली अक्षरं मुंगीएवढी. काटकसर कसली, कपाळ! चालताना त्याचे हात हलायचे नाहीत, चेहऱ्यावर हसू उमटायचं नाही, आणि ही आपली म्हणत होती, वय झालं. तिला स्वतःची लाज वाटली.

गोळ्या उचलून फेकाव्यात, असंही मनात आलं. पण सिस्टरांचा दम आठवला: आपल्या मनानं अर्धी गोळीसुद्धा कमी करायची नाही. तिनं खिळ्याला टोचलेल्या सगळ्या याद्या काढल्या आणि दादाला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी याद्या एकामागून एक पाहिल्या. मग दादाचा हात वाकवला, तो अडखळत अडखळत वाकला.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," ते म्हणाले. या औषधाचा हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी हृदयाचा आलेख काढायला सांगितला आणि डोस थोडा कमी केला.

"आवाज परत आले तर?" धाकटीनं विचारलं.

"म्हणून तर दर पंधरा दिवसांनी यायचं. आणि येताना यादी आणायची."

डोस टप्प्याटप्प्यानं उतरत गेला. तीन महिने धाकटी जीव मुठीत धरून दाराआडून कानोसा घ्यायची, दादा एकटाच बोलत तर नाही ना. नव्हता बोलत.

एका सकाळी तो तिकिटामागे यादी लिहीत होता. साखर झाली, साबण झाला, आणि त्यानं मान वर केली.

"यात मावत नाही गं. मोठा कागद दे."

धाकटीनं अख्खी वहीच त्याच्यापुढे ठेवली. डोळे पुसत ती म्हणाली, "लिही, हवं तेवढं लिही."