आजाऱ्याचा पेला

मी एक जुना पितळी पेला आहे, मित्रांनो. खर्डी स्टेशनापासून भातखाचरांच्या बांधावरून चालत आलात की बाईजाचं घर लागतं. त्या घराच्या पडवीत एका फळीवर मी एकटा उपडा असतो. बाकीची भांडी आत चुलीपाशी. मला इथे ठेवलं तो मान की शिक्षा, हे कोडं आठ वर्षं झाली तरी मला सुटलेलं नाही. तुम्ही शाळेत शिकता, म्हणून तुम्हीच ऐका आणि ठरवा.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. म्हसा गावच्या जत्रेत बाईजाच्या सासऱ्याने मला पसंत केलं आणि घोंगडीत गुंडाळून बैलगाडीतून आणलं. घरात पेला असा मी एकटाच. शेतावरून घरचं माणूस दमून येवो की दारी पाहुणा येवो, मी कुणाला नाही म्हटलं नाही आणि मलाही कुणी नाकारलं नाही. याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा घमेंडच होती.

पण माझं मोठं काम आजारपणातलं. त्या घराची एक रीत होती. कुणी अंथरूण धरलं की त्याची पेज माझ्यात ओतायची. पहिला घोट घरच्या बाईने घ्यायचा, मग आजाऱ्याने प्यायची, आणि तळाशी उरेल ती पुन्हा घरच्यांनीच संपवायची. असं केलं की दुखणं वाटलं जातं आणि आजाऱ्याच्या वाट्याला थोडंच उरतं, अशी समजूत. एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत घरोघरी माणसं तापाने पडली, तेव्हा मी एका अंथरुणापासून दुसऱ्या अंथरुणापाशी फिरत होतो. आधी बाईजाची सासू धोंडीबाई पडली. तिची उरलेली पेज बाईजा प्यायली, आणि दोन घोट तिने आपल्या तीन वर्षांच्या जनीला पाजले. धोंडीबाई गेली. आठवड्याने जनीही गेली. बाईजा मात्र दुखण्यातून उठली. पेल्याने शेवटपर्यंत सेवा केली, असं वाडीतली माणसं म्हणाली आणि मला ते खरं वाटलं.

चंदर हा बाईजाचा धाकटा मुलगा, त्या साथीनंतर झालेला. शिकत शिकत तो मुंबईच्या कॉलेजात गेला आणि तिथल्या वसतिगृहात राहू लागला. एकोणीसशे अडतीस सालच्या माघात, परीक्षा महिन्यावर आली असताना, तो अवचित घरी आला. अंग तापलेलं, डोळे लाल. आत थोरली सून हौसा दहा दिवसांची बाळंतीण होती. चंदर उंबऱ्याच्या आत आलाच नाही.

"आये, मी पडवीतच निजतो," तो तोंडापुढे उपरणं धरून म्हणाला. "वसतिगृहात निम्मी पोरं तापानं पडलीत. माजा पेला येगळा ठेव. त्याला दुसऱ्या कुनी तोंड लावायचं नाय. आनि बाळाला हिकडं आनू नको."

त्याने माझी निवड केली म्हणून मी आधी फुगलो. पण पुढे जे सुरू झालं त्याने माझी मती गुंग झाली. मला राखेने घासून उकळत्या पाण्यात बुडवायचं, असं तो घरच्यांना सांगे. मी असा काय बाटलो होतो? पाणी उकळून गार केलेलंच पिई. शिंक आली की भिंतीकडे तोंड फिरवी. समाचाराला आलेल्या लखमाकाकाला त्याने अंगणातच थांबवलं, तेव्हा म्हातारा जाता जाता बोललाच, "शिकला नि आपल्याच मान्सांचा इटाळ मानाया लागला."

पहिल्याच संध्याकाळी बाईजा पेज घेऊन आली. रीतीप्रमाणे तिने मला ओठाला लावलं, तोच चंदर धडपडत उठला. त्याने मला तिच्या हातून ओढून घेतलं आणि सगळी पेज अंगणात ओतून दिली. मी ओट्याच्या दगडावर आपटलो. माझ्या अंगावरचा हा पोचा तेव्हाचा.

"घरचा पेला नि आयचा घोट, दोन्ही तुला नकोसं झालं काय रे?" बाईजा म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती बोलली नाही. पेजेचं मडकं उंबऱ्यावर ठेवून निघून जाई. चंदर भ्रमिष्टासारखा पुस्तक उघडी, अक्षरं हलतात म्हणे आणि मिटून टाकी. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही कीव. कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा ताप चढला. बाईजाला राहवेना. तो ग्लानीत आहे असं पाहून ती हळूच आली आणि माझ्यातली उरलेली पेज प्यायला तिने मला उचललं.

चंदरने डोळे उघडले. "आये, नको. डाक्तर म्हनला, हा मानमोडीच्याच जातीचा ताप हाय. थुंकीतनं, शिंकेतनं एकाचा दुसऱ्याला होतो. उष्ट्यातनं बी. तू पिशील नि मग बाळाला घेशील."

बाईजाचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सासूबाईंचं उष्टं मी जनीला दिलं व्हतं," ती म्हणाली. "ह्याच पेल्यातनं."

चंदर म्हणाला, "तुला कुनी सांगितलंच नव्हतं, आये."

ती पदर तोंडात धरून रडली. आणि मी? आयुष्यभराची माझी सेवा म्हणजे नेमकं काय होतं, मित्रांनो? मी जनीला पेज पाजली की ताप पाजला? मला आजही नीट कळत नाही.

संध्याकाळी बाईजाने मला आपणहून उकळत्या पाण्यात टाकलं. पळीने वरून पेज ओतली, कुठेही तोंड न लावता. मग आपली पेज निराळ्या वाडग्यात घेऊन ती अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसली.

"तू घोट घे, म्हंजी मी घेते," ती तिथून म्हणाली. "एकट्याला ग्वाड लागत नाय."

असं आठ दिवस चाललं. ताप उतरला. चंदर हडकला होता, पण परीक्षेला वेळेवर पोचला. घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही आणि बाळाला साधी शिंकही आली नाही. तुम्ही म्हणता ना, जीव भांड्यात पडला? माझं तेव्हा तसंच झालं. लांबलेलं बारसं झालं आणि बाईजाने नातीचं नाव जनी ठेवलं.

त्या दिवसापासून मी आजाऱ्याचा पेला झालो. घरात दुसरे पेले आले. कुणी तापाने पडलं तरच मला खाली काढतात, नाहीतर वर्षवर्ष मी धूळ खातो. पण कल्हईवाला आला की बाईजा सर्वांत आधी मलाच पुढे करते. म्हणून तर मी गोंधळतो.

मित्रांनो, आजाऱ्याचं भांडं वेगळं ठेवा, पण आजाऱ्याला एकटं पाडू नका. लांब बसा, पण बसा.

परवा आठ वर्षांची जनी फळीखाली उभी राहून मला निरखत होती. तिने विचारलं, "आज्ये, ह्या पेल्यात मी कवा पिनार गो?"

"कवाच नको, बाय," बाईजा म्हणाली आणि तिने जनीला दुसऱ्या पेल्यात पाणी दिलं.

कुणी मला नाकारलं आणि मला बरं वाटलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.