पुढच्याला थांबू

“बेरेंड, पुढे एक थांबा आहे वाटतं. आत्ताच पाटी गेली,” मागच्या सीटवरून रूलीना म्हणाली.

“पाहिली मी, आई. त्याच्या पुढच्याला थांबू.”

रूलीना म्हणजे बेरेंडची आई. वय अठ्ठ्याहत्तर. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कापणी झालेली शेतं मागे पळत होती. न्यूरेंबर्ग मागे पडून अर्धा तास झाला होता आणि झ्वोलेतलं घर अजून साडेपाचशे किलोमीटर लांब होतं.

यांतीन नवऱ्याच्या शेजारी बसली होती. सुट्टीतली तिची ही जागा ठरलेली. एकोणीस वर्षं ती याच सीटवर बसून डोंगरात जात होती आणि याच सीटवर बसून घरी येत होती. एरवी, म्हणजे वर्षातले उरलेले एक्कावन्न आठवडे, ती झ्वोले शहरात बस चालवायची. तीही साधी नव्हे, मधे रबरी घडी असलेली, अठरा मीटर लांबीची जोडबस. बावीस वर्षांत तिच्या बसला एक ओरखडा नव्हता. पण सुट्टीचा विषय निघाला की बेरेंड म्हणायचा, “बस वेगळी गं, हायवे वेगळा.” पहिल्या वर्षी ती यावर हसली होती. नंतर तिने हसणं सोडलं, पण बोलायलाही कधी सुरुवात केली नाही.

या वेळी मात्र आठवडाभर तिच्या आत काहीतरी धुमसत होतं. सुट्टीसाठी तिरोलच्या डोंगरातल्या गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घाटातून वर जायचं होतं. ती म्हणाली, आज मी घेते गाडी. तेव्हा बेरेंडने भाड्याच्या घराच्या मालकिणीकडे बघून डोळे मिचकावले. “ही आमची सपाट गावातली बसवाली,” तो म्हणाला. घरमालकीण हसली. यांतीन मुकाट्याने आपल्या सीटवर जाऊन बसली.

बेरेंड कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर होता आणि सुट्टीसुद्धा तो गोदामासारखीच चालवायचा. आठच्या पहिल्या रोपवेच्या पाळण्याने डोंगरावर. साडेदहाला शिखर. आईला चढवत नाही म्हणून तिला खालच्या बाकावर बसवून, “तीन तासांत आलोच,” असं सांगून निघायचं आणि पाच तासांनी यायचं. रूलीनाने आठवड्यात एकच गोष्ट मागितली होती, तळ्याकाठच्या हॉटेलात बसून केकचा एक तुकडा निवांत खायचा. शेवटच्या दिवशी तिला तिथे नेलं. बेरेंड पूर्ण वेळ गाडीपाशी उभा राहून किल्ली बोटाभोवती फिरवत होता. रूलीनाने केक अर्धा टाकला. पोट भरलं म्हणाली.

आज पहाटे पाचला निघाले ते त्याच्या हिशेबानेच. त्याच्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी हे अंतर दहा तास वीस मिनिटांत कापलं होतं आणि नाताळच्या जेवणात चार वेळा ते सांगितलं होतं. बेरेंडचा सगळ्यात चांगला वेळ होता दहा तास चाळीस.

“बेरेंड, जमलं तर बघ हं,” रूलीना दुसऱ्यांदा म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

“पुढच्याला, आई. नक्की.”

“आहे ना पुढे एक,” यांतीन म्हणाली.

“तिथे ट्रकवाल्यांची गर्दी असते. वीस मिनिटं जातात.”

तो थांबाही गेला. मग वुर्झबर्गच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, मधे एकच अरुंद पट्टा आणि त्यात मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्या. बाहेर पडायला वाव नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. रूलीना तिसऱ्यांदा म्हणाली, “बेरेंड.” एवढंच. बेरेंडने आरशात पाहिलं. आईचा चेहरा त्याला दिसला, हे यांतीनने बघितलं. त्याने नजर परत रस्त्यावर नेली आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

पाच मिनिटांनी मागून फेनाचा, त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीचा, हलका आवाज आला. “मम्मी.”

यांतीनने वळून पाहिलं. फेनाने आपलं जाकीट काढून आजीच्या मांडीवर टाकलं होतं. रूलीना समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती, जणू तिथे काही लिहिलेलं होतं आणि ते तिला वाचायचं होतं.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “सकाळी कॉफी घ्यायला नको होती मी.”

मग बेरेंडने विचारलं, “सीटमध्ये मुरलं का? फेना, टिशू घे आणि दाबून पूस. आत गेलं की वास जात नाही.”

यांतीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रात्रपाळीत दारू पिऊन बसमध्ये चढणाऱ्यांशी ती ज्या आवाजात बोलायची तोच आवाज आता तिच्या तोंडून निघाला. “पुढच्या फाट्याला गाडी बाहेर घे. पंपावर थांबव.”

बेरेंडने घेतली.

पंपाच्या मागे अपंगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह होतं. यांतीनने सासूला आत नेलं. बूट काढले, मोजे काढले, स्कर्ट काढला. रूलीनाचे पाय काटकुळे झाले होते, घोट्यांवर निळ्या शिरा. बेसिनचं पाणी गार होतं. यांतीन कागदी रुमाल भिजवून पुसत राहिली आणि रूलीना समोरच्या पांढऱ्या फरशीकडे बघत राहिली. या बाईने यांतीनचं कधी तोंडभरून कौतुक केलं नव्हतं. बायकांनी बस चालवणं तिला पटत नसे आणि ते तिने लपवलंही नव्हतं. पण आज ती लहान मुलासारखी एकेक पाय उचलत होती.

“होतं असं, आई. यात लाजायचं काही नाही.”

“मला होत नाही,” रूलीना म्हणाली. “मी नीट काळजी घेते. गाडीने जायचं असलं की आदल्या दिवशी चारनंतर मी पाणी पीत नाही.”

यांतीनचा हात थांबला. “काय?”

“बेरेंडचे बाबा होते तेव्हापासून. ते आम्हाला हार्झच्या डोंगरात न्यायचे. मधे थांबायचे नाहीत. मग सवयच लागली. या आठवड्यात तर रोजच कुठेतरी जायचं होतं. आज सकाळी तू कॉफी केलीस, पुढे केलीस. नाही कशी म्हणणार?”

म्हणजे आठवडाभर ही बाई तहानलेली होती. ऊन खात बाकावर बसली होती, तेव्हाही.

फेना आपली करडी ट्रॅकपँट घेऊन दारात उभी होती. “मीपण नाही पीत गाडीत,” ती म्हणाली.

“तू कधीपासून?”

फेनाने खांदे उडवले. “माहीत नाही. नेहमीच. तू तरी कुठे पितेस?”

ते खरं होतं. तिच्या दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली पहाटेपासून तशीच भरलेली होती. मागच्या वर्षीही तशीच भरलेली राहिली असणार. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं, कधी ते आठवतसुद्धा नव्हतं.

आणि सहा वर्षांपूर्वी हीच यांतीन कंपनीशी दोन वर्षं भांडली होती. शेवटच्या थांब्यावर बायका ड्रायव्हरांना जायला जागा नव्हती. पुरुष झुडपामागे जायचे आणि बायका चार-चार फेऱ्या कळ दाबून काढायच्या. तिने अर्ज दिले, सह्या गोळा केल्या. साहेब म्हणाले, बजेटमध्ये बसत नाही. तेव्हा पुढच्या बैठकीला ती एक बादली घेऊन गेली आणि ती तिने टेबलावर साहेबांच्या कागदांशेजारी ठेवली. “मग यात बसवा,” म्हणाली. तीन महिन्यांत तिथे खोली उभी राहिली. आजही नव्या मुली तिला त्याबद्दल कॉफी पाजतात. गावभर ती बादलीवाली म्हणून माहीत होती, आणि स्वतःच्या गाडीत एकोणीस वर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता.

बेरेंडवर राग होताच. आता त्यात स्वतःवरचा मिसळला आणि तिला आपले कान तापलेले जाणवले.

बाहेर बेरेंड मागचं दार उघडून सीट पुसत होता. तिला बघून त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “आता निघालो तर साडेअकरा तासांत बसवतो,” तो म्हणाला.

“किल्ली दे.”

“कशाला?”

“गाडी मी चालवणार.”

“यांतीन, आता तमाशा नको. सगळे दमलेत.”

“तमाशा मघाशी झाला. तू आरशात बघितलंस आणि रेडिओ मोठा केलास.”

त्याच्या मानेवर लाली चढली. “तिला इतकी घाई आहे हे मला काय माहीत.”

“तीनदा सांगितलं त्यांनी.”

“मग जरा जोरात सांगायचं ना.”

शेजारच्या पंपावर कोणीतरी पेट्रोल भरता भरता थांबून बघू लागलं. यांतीनने आवाज चढवला नाही. “रोज चारशे माणसं बसतात माझ्या गाडीत,” ती म्हणाली. “कोणी बटण दाबलं की मी थांबते. कशाला उतरताय, किती घाई आहे, असं मी कोणाला विचारत नाही. जोरात दाबा असंही म्हणत नाही. किल्ली दे, बेरेंड.”

बेरेंड आईकडे वळला. ती फेनाच्या ट्रॅकपँटमध्ये, पायाशी दुमडलेल्या घोळात, बूट हातात घेऊन उभी होती. “आई, तू तरी सांग हिला.”

रूलीनाने मुलाकडे पाहिलं. आयुष्यभर ती त्याची बाजू घेत आली होती, आणि यांतीनला वाटलं, आताही घेईल.

“मी पुढे बसते,” रूलीना म्हणाली. “पाय आखडलेत.”

म्हणजे बेरेंडला मागे बसावं लागलं, आणि मागे फेनाच्या शेजारी एकच जागा होती. त्याने डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी शोधून आणली, ओल्या सीटवर अंथरली आणि तिच्यावर बसला. तो जरा हलला की पिशवी वाजायची.

यांतीनने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले आणि गाडी हायवेवर आणली. बस वेगळी आणि हायवे वेगळा असं काही तिला जाणवलं नाही. पहिला थांबा आला, ती थांबली. दुसरा आला, थांबली. प्रत्येक ठिकाणी उतरून तिने सगळ्यांसाठी दारं उघडली. बेरेंड एकदा म्हणाला, “इथे कशाला?” तिने त्याच्याही बाजूचं दार उघडलं. फ्रँकफर्टच्या पुढे पाचव्यांदा गाडी बाहेर वळवली, तेव्हा फेना हळूच म्हणाली, “मम्मी, आता कोणालाच नाही लागलीये.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती कोणासाठी थांबत नव्हती. नुसत्या रागाने थांबत होती. तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

लग्नाआधी ते दोघं एका मित्राच्या खटारा व्हॅनमधून असेच डोंगरात गेले होते. तेव्हा तिने “अरे, ते बघ” म्हणायचा अवकाश, की बेरेंड गाडी बाजूला घ्यायचा. धबधबा दिसला थांब, गाई दिसल्या थांब. पोचायला तीन दिवस लागले होते. तो माणूस कुठल्या वळणावर उतरला, हे तिने आठवून पाहिलं. दिवस सापडला नाही. आरशात तिला बेरेंड दिसला. तो बाहेर ट्रकांच्या रांगेकडे बघत होता आणि थकलेला, गोंधळलेला दिसत होता. तिला त्याची थोडी दया आली असती. पण तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं.

झ्वोलेत पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजत होते, तरी चांगला उजेड होता. सोळा तास झाले होते. रूलीनाच्या इमारतीपाशी यांतीनने गाडी लावली आणि किल्ली खिशात घातली. बेरेंड उतरला, त्याने डिकीतून आईची बॅग काढली आणि नेहमीसारखा तिच्यापुढे हात केला.

“राहू दे,” रूलीना म्हणाली. “बॅग यांतीन आणेल. फेनाचा हात आहे मला.”

“अगं, दोन मजले आहेत.”

“माहीत आहे मला. मीच राहते तिथे.”

त्याने बॅग खाली ठेवली. यांतीनने ती उचलली आणि तिघी जिन्याकडे निघाल्या. मागे वळून कोणी पाहिलं नाही.

वर घर कोंदट झालं होतं. फेनाने खिडक्या उघडल्या. यांतीनला वाटलं होतं की सासूला बिछान्यावर टेकवावं आणि निघावं. पण रूलीनाने कपडेही बदलले नाहीत. फेनाच्या ढगळ पँटमध्येच ती स्वयंपाकघरात गेली, कॉफीसाठी किटलीत पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि कपाटातून कप काढले. तीन.

“आई, तुम्ही दमला असाल. आम्ही निघतो.”

“बस,” रूलीना म्हणाली.

यांतीन बसली. घरी गेल्यावर काय बोलायचं, हे तिने रस्ताभर मनात जुळवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना, राग मात्र जसाच्या तसा होता.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच. शेजारच्या सीटवरून वाकून, हात लांब करून बेरेंडने तो दाबला असणार.

रूलीनाचा किटलीवरचा हात थांबला. क्षणभर वाटलं, ती आता घाई करेल, गॅस बंद करेल. तिने खिडकीकडे पाहिलं. मग फ्रीज उघडून आत डोकावली.

“दूध नासलंय,” ती म्हणाली. “काळी कॉफीच चालेल ना?”

“चालेल,” यांतीन म्हणाली.

रूलीना तिघींचे कप काठोकाठ भरू लागली.