मनःशांती कक्षाची कडी

आमच्या पदव्युत्तर नर्सिंग कॉलेजात विद्यार्थी साहाय्य विभाग नावाचं एक खातं होतं. त्या खात्याने आपणहून एका तरी विद्यार्थ्याला साहाय्य केल्याचं कुणी दाखवून दिलं, तर मी माझी मिशी उतरवून त्याच्या हातावर ठेवीन. मिशी अजून जागच्या जागी आहे, यावरून काय ते समजा.

खात्याचे प्रमुख होते उशीसाहेब. मांडीवर कायम एक मखमली उशी घेऊन बसायचे, म्हणून हे नाव. पण खरं सांगायचं तर माणूसच उशी होता. कुणी कितीही तावातावाने येऊन आदळलं तरी आवाज नाही, की साधा खड्डा नाही. त्यांच्यासमोरची खुर्चीही तशीच मऊ. स्कॉलरशिपची चौकशी करायला आलेली एक मुलगी त्या खुर्चीत जी रुतली, ती कोर्स संपला तेव्हा सापडली. मी स्वतः तिला दोर लावून वर काढली. खोटं वाटत असेल तर दोर दाखवतो.

मी तिथे पुतळ्यांची खोली सांभाळायचो. नर्सिंगच्या मुलामुलींना सुया टोचायला, नळ्या घालायला, बाळंतपणं करायला रबरी माणसं लागतात, ती माझ्या ताब्यात. श्वास घेणारी, पापण्या हलवणारी, बटण दाबलं की कण्हणारी. मुलं मला पुतळेकाका म्हणायची. माझ्या पुतळ्यांची एक गोष्ट मात्र सांगायला हवी: दुखलं की ते सरळ दुखतंय म्हणायचे, आणि ऐकणारा धावायचा. उशीसाहेबांच्या खात्यात यातलं काहीच होत नसे.

साहेब कुठल्याशा शिबिरात एक पद्धत शिकून आले होते. समोरचा जे बोलेल ते त्यालाच परत करायचं, शेपटीला एक पुस्ती जोडून. हॉस्टेलमधला पोरगा सांगायला आला, ‘‘सर, पंखा पडला.’’

‘‘पंखा पडला असं तुम्हाला वाटतंय.’’

‘‘वाटत नाही सर, माझ्या गादीवर पडलाय. मी आंघोळीला गेलो होतो म्हणून वाचलो.’’

‘‘छान व्यक्त होताय. आणखी व्यक्त व्हा.’’

पोरगा व्यक्त होत राहिला, पंखा गादीवर राहिला. शेवटी पोरगा जमिनीवर झोपायला लागला आणि साहेबांनी अहवालात लिहिलं की विद्यार्थ्याने परिस्थितीशी सुरेख जुळवून घेतलं.

या खात्याचं भूषण म्हणजे मनःशांती कक्ष. काय खोली होती! निळा दिवा, जाड पडदे, भलामोठा सोफा, त्यावर दुकानातून आलं तेव्हाचं प्लास्टिक तसंच. काचेच्या पेटीत पाणी, पाण्यात प्लास्टिकचे मासे, कारण खरे मासे मेले तर विभागाचं नाव खराब होईल असं साहेबांचं म्हणणं. आणि दाराला आतून पितळी कडी, अशी दणकट की हत्तीने धडक दिली तर हत्तीचीच मनःशांती जावी. खोलीची किल्ली साहेबांच्या गळ्यात, निळ्या फितीला. खोली उघडायची ती फक्त तपासणी समिती आली की. एरवी आत माणूस गेला तर शांती भंग पावेल ना!

आता गोष्ट सुरू होते ती या कडीपासून.

त्या वर्षीच्या वर्गात एक बाई होती. लहान बाळ घरी सासूकडे ठेवून शिकायला यायची. तिला सगळे बाळंतीणच म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची. वॉर्डात वर्षानुवर्षं राबलेली, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. दिवसातून दोनदा तिला दूध काढावं लागे. पंप पिशवीत असायचा, पण बसायचं कुठे? बाथरूमला कायम रांग. मग ती माझ्या खोलीत यायची, पडद्यामागे, प्रसूतीच्या पुतळीशेजारी. पण माझ्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, आणि सराव करायला पोरं केव्हाही आत घुसायची. दार वाजलं की ती दचकायची. आणि दचकलेल्या बाईला पान्हा फुटत नाही, एवढं कळायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही.

दूध आटायला लागलं. बाळ वरचं दूध तोंडात घेईना. सासूचा फोन आला की माझ्या खोलीभर ऐकू यायचा.

‘‘हे बघ, मी काही तुला शिकू नको म्हणत नाही. पण दूध तुटलं तर त्याला काय पदवीचा कागद पाजू का?’’

‘‘आई, बघते मी काहीतरी.’’

‘‘बघते, बघते! या महिन्याअखेर बघून झालं नाही तर गाशा गुंडाळ आणि घरी ये. नंतर मला बोल लावू नकोस.’’

नवराही आईच्याच बाजूचा. म्हणजे महिन्याअखेरपर्यंत कडी लागलेलं एक दार मिळालं तर शिक्षण, नाहीतर घर. एवढा साधा मामला. ती साहेबांकडे गेली. मीही गेलो, खुर्चीत रुतली तर काढायला.

‘‘सर, मला दिवसातून दोनदा वीस मिनिटं मनःशांती कक्ष हवाय. दूध काढायला.’’

साहेबांनी उशी कुरवाळली. ‘‘तुम्हाला दूध काढायचंय असं वाटतंय.’’

‘‘सर, हे वाटण्यातलं नाही. अंगावरचे कपडे भिजतात माझे.’’

‘‘कपडे भिजतात असं...’’ इथे साहेब स्वतःच थबकले आणि लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, ‘‘आपण मातृत्व आणि करिअर यांचा समतोल या विषयावर एक कार्यशाळा घेऊ.’’

‘‘कार्यशाळेला कडी असते का, सर?’’

‘‘तो कक्ष मानसिक ताणासाठी आहे. तुमचा ताण शारीरिक आहे. ते आमच्या कक्षेत येत नाही.’’

तिच्या हातात सूर्यास्ताचं चित्र असलेलं एक पत्रक देऊन त्यांनी तिची बोळवण केली. त्यावर लिहिलं होतं, खोल श्वास घ्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘काका, या माणसाला तुमच्या खोलीत नेऊन ठेवा. निदान पोरांना सुया टोचायला होईल.’’

मी म्हटलं, ‘‘नको गं. माझ्या पुतळ्यांना बोललेलं कळतं.’’

महिना संपत आला आणि तपासणी समिती येणार अशी बातमी आली. समितीला विभागाचे लाभार्थी बघायचे होते, तेही कक्षात बसलेले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खरे विद्यार्थी बसवावेत तर ते बोलणार. पंखा, स्कॉलरशिप, दूध, सगळं बाहेर येणार. शिवाय सोफ्यावर बसणार! साहेब माझ्याकडे आले, उशी बगलेत मारून.

‘‘पुतळेकाका, तुमच्याकडच्या पाच जणी द्या. गणवेश घाला, टोप्या घाला, तोंडाला मास्क लावा. निळ्या दिव्यात कुणाला काय कळतंय? सांगू, ध्यानात बसल्यात.’’

‘‘आणि समितीने काही विचारलं तर?’’

‘‘बोलतात ना त्या? एकीत वाक्य भरून ठेवा: मला इथे फार हलकं वाटतं. मी मान हलवली की बटण दाबा.’’

मी आयुष्यभर पुड्या सोडल्या, पण ही पुडी माझ्याही दुकानात नव्हती. मी मुकाट्याने हो म्हटलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी कक्ष उघडून दिला, आणि मी चार पुतळ्या नेऊन बसवल्या. पाचवीचा, म्हणजे प्रसूतीवालीचा, पाय निखळून हातात आला, म्हणून तिला खोलीतच ठेवली. सोफ्यावर मधे एक जागा रिकामी राहिली. साहेबांना सांगायला जावं तर साहेब गेटवर हारतुऱ्यांत अडकलेले. तेवढ्यात पिशवी छातीशी धरून बाळंतीण आली. माझी खोली समितीसाठी पुसून कुलूप घातलेली, बाथरूमला ओला रंग. चेहरा रडवेला.

‘‘काका, आता कुठे जाऊ? छाती दगड झालीय नुसती.’’

मी म्हटलं, ‘‘आत जा. कडी लाव. समिती आधी जेवणार, मग लायब्ररी बघणार. या पोरी कुणाला काही सांगत नाहीत.’’

ती आत गेली. कडी पडल्याचा तो खणखणीत आवाज! बाहेर उभ्या माझ्या कानाला इतका गोड लागला की विचारू नका. ती नंतर सांगायची, मासे खोटे, दिवा खोटा, शेजारणी रबरी, पण बसल्या बसल्या बाटली भरली. मी तर म्हणतो बादली भरली असती, पण लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

बाटली पिशवीत टाकून तिने कडी काढली, आणि बोळात साहेबांचा आवाज आला. समितीच्या अध्यक्षांनी जेवण नाकारलं होतं. आधी काम, म्हणाल्या. बाहेर पडायला जागाच उरली नाही. गणवेश अंगात होताच; तिने टोपी ओढली, मास्क वर केला आणि सोफ्यावरच्या रिकाम्या जागी ताठ बसली. मी आत शिरलो आणि पुतळ्यांचा रिमोट घेऊन माशांच्या पेटीमागे.

दार उघडलं. समितीत तिघे होते. एक चालता चालता झोपणारे, एक फक्त फोटो काढणारे, आणि अध्यक्ष, निवृत्त मेट्रनबाई. बाई ठेंगण्या, काठी टेकत चालणाऱ्या, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी जाड. साहेबांनी नजरेनेच सोफा मोजला. पाच. जिवात जीव आला.

‘‘या आमच्या लाभार्थी. सखोल ध्यानात आहेत.’’

‘‘किती वेळ?’’ मेट्रनबाईंनी विचारलं.

‘‘सकाळपासून, मॅडम.’’

‘‘हलत नाहीत?’’

‘‘हीच तर आमच्या विभागाची कमाई.’’

मेट्रनबाई पहिलीसमोर थांबल्या. ‘‘काय गं, कसं वाटतंय इथे?’’

साहेबांनी मान हलवली. मी बटण दाबलं. आता माझ्या बोटाचं वय झालेलं, पडलं शेजारच्या बटणावर. पुतळी कण्हली, ‘‘सिस्टर, छातीत फार दुखतंय!’’

दुसरा कुणी घाबरला असता. पण उशीसाहेब म्हणजे पद्धतीचा माणूस. ते क्षणाचाही विलंब न लावता वाकले आणि मायेने म्हणाले, ‘‘छातीत दुखतंय असं तुम्हाला वाटतंय.’’

‘‘सिस्टर, छातीत फार दुखतंय!’’

‘‘छान व्यक्त होताय.’’

‘‘सिस्टर, घाम येतोय!’’

‘‘घाम येतोय असं वाटतंय.’’

फोटोवाल्याने फोटो काढला. झोपाळू गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले, ‘‘संवाद उत्तम आहे.’’ मेट्रनबाई पुढे सरकल्या आणि नेमक्या मधल्या मुलीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘‘आणि तुझं काय गं?’’

साहेबांनी माझ्याकडे बघून पुन्हा मान हलवली. मी रिमोट खिशात टाकला.

‘‘मला या खोलीची किल्ली हवी,’’ मधली म्हणाली. ‘‘दिवसातून दोनदा, कोर्स संपेपर्यंत. बाळासाठी दूध काढायला. नाहीतर मला परवा नाव काढून घरी जावं लागेल.’’

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. हे काय भलतंच भरून ठेवलंय पुतळेकाकाने, असं त्या आठीत लिहिलेलं मला पेटीमागून वाचता आलं. पण समिती समोर, कॅमेरा समोर. ‘‘तुम्हाला किल्ली हवीय असं वाटतंय,’’ ते म्हणाले.

‘‘वाटत नाही. हवीच आहे.’’

‘‘मग द्या की,’’ मेट्रनबाई म्हणाल्या. ‘‘साहाय्य विभागच ना हा?’’

आणि साहेबांचा चेहरा उजळला. अहो, रबराला शब्द द्यायला काय जातंय! संध्याकाळी पुतळी परत माझ्या कपाटात, आणि किल्ली परत गळ्यात. साहेबांना दातृत्वाचं असं भरतं आलं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी निळी फीत गळ्यातून काढली, कॅमेऱ्याकडे जरा तिरका चेहरा केला आणि म्हणाले, ‘‘आजपासून, या क्षणापासून, ही खोली तुमची. दोनदा नाही, हवी तेव्हा. हा विभाग आपल्या लेकींना नाही म्हणूच शकत नाही!’’

त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

तळहात गरम होता.

बोटं मिटली. पुतळी उठून उभी राहिली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, ‘‘थँक यू सर. आता खरंच फार हलकं वाटलं.’’

साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या एकाही पुतळ्यात भरलेला नव्हता. उशी हातातून निसटून माशांच्या पेटीत पडली आणि तरंगायला लागली. फोटोवाल्याने त्याचाही फोटो काढला.

‘‘मॅडम, म्हणजे... ही... तसं नियमानुसार...’’ साहेब पुटपुटायला लागले.

मेट्रनबाई दाराशी पोचल्या होत्या. काठीवर रेलून त्या हळूच म्हणाल्या, ‘‘विभाग बघितला तुमचा. कोपऱ्यातल्या मुलीचं मुंडकं पाठीकडे बसलंय, तेवढं फिरवून घ्या. आणि किल्ली जिला दिलीत तिच्याकडेच राहू दे. मी परत येणार आहे, न कळवता. तेव्हा ती नसली, तर आज इथे काय काय बघितलं ते सगळं मला आठवेल.’’

साहेबांनी मान डोलावली. बटण दाबल्यासारखी.

बाळंतीण परवाही आली, तेरवाही आली. नाव काढलं नाही. सासूचा फोन आला तेव्हा ती खोलीत कडी लावून बसली होती, त्यामुळे म्हातारी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण पलीकडून बाळाची ढेकर ऐकू आली अशी मी कॉलेजभर बातमी पसरवली.

तुम्हाला वाटेल साहेब शरमले असतील. छे! शरम वाटायला आत काहीतरी कडक लागतं. आठवड्याभरात दारावर चकचकीत पाटी लागली, स्तनदा माता कक्ष, आणि खाली संकल्पना म्हणून साहेबांचं नाव, सूर्यास्ताच्या चित्रासकट. मग उद्घाटनाचा फोटो हवा म्हणून ते फोटोग्राफर घेऊन आले. दाराला आतून कडी. साहेबांनी टकटक केली.

‘‘कोण?’’

‘‘मी, विभागप्रमुख. दोनच मिनिटं आत यायचंय.’’

आत पंपाचा घुर्र घुर्र आवाज निवांत चालू होता. जराशाने बाळंतीण म्हणाली, ‘‘तुम्हाला आत यायचंय असं वाटतंय, सर.’’

‘‘अहो, वाटत नाही, यायचंच आहे!’’

‘‘छान व्यक्त होताय.’’

साहेब बोळात उभे राहिले, नवी उशी छातीशी धरून.