पस्तीसचा आकडा

श्रीकृष्णरावांना पहिली चक्कर आली ती सकाळी नऊच्या सुमारास, पोटात नाश्ता असताना, कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडीनं जाताना. चक्कर म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी आली नाही. जमीनच खालून हलकेच उचलून पुन्हा ठेवल्यासारखी वाटली, मग परत उचलली. गाडी थांबवली तसं सगळं जागेवर आलं.

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नेरपासून तीन किलोमीटरवर पाच एकर घेतली होती. पावसाळाभर रस्त्याला मोटारसायकल चालत नाही, गुडघे पायी जाऊ देत नाहीत. म्हणून बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जाड चाकांची चारचाकी गाडी त्यांनी जुन्यात विकत घेतली. वर बसून हँडलनं चालवायची, चिखलातून, सरीतून, कुठूनही जाणारी. बायको मधुवंती तिला 'तुमचं खेळणं' म्हणायची.

चक्कर दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी तर गाडी नाल्याकडं ओढ घ्यायला लागली. हँडल सरळ धरलंय अशी त्यांची खात्री होती, तरी चाकं डावीकडं जात होती. म्हणजे हाताला कळतंय ते खरं नाही, असा त्यांनी अर्थ काढला आणि घाबरले. त्यांच्या मोठ्या भावाचं दुखणं असंच हातापासून सुरू झालं होतं.

नेरच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, कानात बॅटरी मारली, एका रेषेवर चालवून घेतलं. काहीच निघालं नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मधुवंतीनं गाडीची किल्ली डब्यात ठेवली आणि शेत ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं, द्यायचा विषय काढला. गोळ्या घेतल्या की घरात बरं वाटायचं, शेतावर जाऊन गाडीवर बसलं की पुन्हा तेच. किल्ली कुठल्या डब्यात आहे ते त्यांना माहीत होतं, मधुवंतीच्या नकळत ते ती काढून घ्यायचे.

त्यांच्या शेताला लागून तांड्यावरच्या रामीबाईचं शेत होतं. ती कापूस वेचत होती. श्रीकृष्णराव दोनदा धुऱ्यावरून गेले, दोनदा थांबले, डोकं धरून बसले. ती ओटी सावरत जवळ आली आणि काय झालं विचारलं. त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं, गोळ्यांचं, भावाचंही सांगून टाकलं.

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"तुमाले चक्कर नाही येऊन राह्यली, भाऊ," ती म्हणाली. "मी कवाची पाहून राह्यली. गाडीच लंगडून राह्यली."

त्यांना ते पटेना. ते रोज वर बसत होते, त्यांना दिसलं नसतं का? रामीबाई म्हणाली, वर बसलेल्याले चाक कसं दिसणार. तिच्या मुलाची स्कूटी ती चालवायची. अंगठ्यानं गती द्यायची हे त्यांच्याकडून समजून घेतलं, लुगडं खोचलं आणि गाडी हळूहळू धुऱ्यावरून नेली.

श्रीकृष्णराव पहिल्यांदाच आपली गाडी बाहेरून चालताना पाहत होते. चारही टायर भोपळ्यासारखे फुगले होते. जमिनीला फक्त मधली पट्टी टेकत होती, कडा अधांतरी. मागचं डावं चाक तर गोलच नव्हतं. दर फेऱ्याला ते वर यायचं, रामीबाईचं डोकं उडायचं, मग खाली. ते ओणवे झाले. त्या टायरच्या आतल्या अंगाला, उभ्यानं कधीच दिसलं नसतं अशा जागी, नारळाएवढं टेंगूळ होतं.

आता त्यांचा गोंधळ आणखी वाढला. हवा तर त्यांनीच भरली होती, तीही मोजून. चक्कर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी टायर लिबलिबीत वाटले, म्हणून घरच्या छोट्या पंपानं आकडा पाहून भरली. टायरवर पस्तीस छापलं होतं, पंपावर पस्तीस आलं तसं बंद केलं. टायर कसे टणक, भरदार दिसले होते. समाधान वाटलं होतं.

चष्मा लावून, ओल्या फडक्यानं त्यांनी टायर पुसला. पस्तीस होतं. त्याच्या शेजारी, चिखलाखाली, पाचही होता. पाच कसा असेल? सायकललासुद्धा त्याहून जास्त लागते. त्यांनी पुण्याला मुलाला, साकेतला, फोन लावला आणि पुढची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली.

साकेतनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "बाबा, दोन्ही एकच आहे. पस्तीस एका मापात, पाच दुसऱ्या मापात. तुमच्या पंपाचं माप पाचवालं आहे. तुम्ही सातपट हवा भरलीत."

श्रीकृष्णराव बांधावर बसले. एकर सांगितलं की हेक्टर लिहून घेणाऱ्या, हेक्टर सांगितलं की एकर समजणाऱ्या लोकांना त्यांनी चौतीस वर्षं समजावलं होतं. काहींवर आवाजही चढवला होता. रामीबाईनं काय झालं विचारलं तेव्हा त्यांना नीट सांगता आलं नाही. आकडा बरोबर होता पण चुकला, असं काहीतरी ते म्हणाले. ती मान हलवून कापसाकडं गेली.

साकेतनं गाडीवर बसायचं नाही, आधी हवा सोडायची असं बजावलं होतं. त्यांनी काडीनं एकेका टायरची हवा सोडली, टेंगळाच्या टायरची तोंड फिरवून, हात लांब करून. मग टेप काढून घेर मोजले. तीन जवळपास सारखे भरले. मागचा डावा चार बोटं जास्त. हवा गेली तरी टेंगूळ गेलं नाही. पंक्चरवाला उकंडा दुपारी येऊन म्हणाला, तीन टायर उन्हात ठेवले, नेमकी हवा भरली की बसतील, पण याचे आतले धागे तुटले, हा कधीही फुटला असता. नवा नेरात मिळणार नव्हता. तो नागपूरहून नवव्या दिवशी आला. उकंड्यानं बसवला, पाचाचं माप चारही चाकांना लावलं, आणि गाडी सुतासारखी चालली.

त्यानंतरच श्रीकृष्णरावांनी मधुवंतीला सगळं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"गाडीवरचं समजलं," ती म्हणाली. "पण मंगळवारी तुम्ही न्हाणीत भिंत धरून उभे होतात. तिथं कुठले टायर होते?"

त्यांनी आठवून पाहिलं. भिंत धरली होती, हे खरं. चक्कर आली म्हणून धरली की येईल म्हणून, ते त्यांना आता सांगता येईना. भीतीनं असेल, ते म्हणाले. असेलही, ती म्हणाली.

सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडं जायचं ठरलं. या वेळी ती सोबत येणार होती.